ताशी ऐंशीच्या पुढची थरथर : जुन्या गाड्या, नवे रस्ते आणि दोष हुडकण्याची विद्या

मोटारीच्या बहुतेक दोषांचा इतिहास कारखान्यात सापडतो. वेगात सुटणाऱ्या थरथरीचा इतिहास मात्र रस्त्यावर शोधावा लागतो. ताशी ४०-५० किलोमीटरला निमूट चालणारी गाडी ८०च्या आसपास पोचली की स्टेअरिंग थरथरू लागते, आरशातले चित्र धूसर होते, आसनाखालून बारीक कंप येतो, आणि वेग ६०वर आणला किंवा १००च्या पुढे नेला की हे सारे पुष्कळदा नाहीसे होते. ही तक्रार महाराष्ट्रातील गॅरेजांत नित्याची झाली ती विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. त्याआधीच्या गाड्यांची चाके अधिक समतोल होती, असे मानायला कोणताही आधार नाही. त्या गाड्यांत हा दोष होताच. तो उघडा पडेल अशा वेगाने मैलोगणती सलग जाता येईल, असा रस्ता मात्र नव्हता.

मुंबई-पुणे हा मार्ग या दृष्टीने विशेष बोलका आहे. बोरघाटातून गाडी चढेल असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला, आणि पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे दोन्ही शहरांमधील सडकेची मुख्य वाट थोड्याफार फेरफारांनिशी तीच राहिली. मोटारींची संख्या वाढू लागल्यावर देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद मुंबईचे कायदेपंडित मुकुंदराव जयकर यांच्याकडे होते. त्या समितीच्या शिफारशींतून मध्यवर्ती रस्ते निधी आणि पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. १९४३ साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशभरच्या रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली, तीच नागपूर योजना. मात्र या सगळ्या विचाराचा भर गावे रस्त्याला जोडण्यावर होता, आणि त्या काळाची गरज पाहता तो योग्यच होता. वेग हा विषय त्या आराखड्यांत दुय्यम राहिला. परिणामी १९९०च्या दशकापर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी मोटार ट्रकांच्या रांगा, घाटातली वळणे आणि वाटेतली गावे यांतून चार-पाच तासांत पोचत असे, म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटरही पडत नसे.

याच रस्त्यांसाठी मुंबईत गाड्या तयार होत होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या परवान्याखाली डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्या बाहेर पडल्या आणि १९५४च्या सुमारास इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी तिथे जुळू लागली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने असे मत दिले की ज्या कंपन्यांकडे सुटे भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी इथे नुसती जुळणी करीत राहू नये. त्यानंतर काही काळातच शिवडीला १९२८पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने मोटारींचे काम थांबवले आणि बाजार मुख्यतः कुर्ल्याच्या फियाट व उत्तरपाड्याच्या अँबॅसडर यांच्या हाती गेला. फियाट ११००चीच पुढची रूपे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४पासून प्रीमियर पद्मिनी या नावांनी विकली गेली. अंगचा आराखडा तोच ठेवून ही गाडी शतक पालटेपर्यंत बनत राहिली, त्यामुळे १९९५ साली घेतलेली ‘नवी’ पद्मिनीही रचनेने १९५०च्या दशकातलीच होती.

त्या रचनेत थरथरीला वाव देणाऱ्या जागा बऱ्याच होत्या. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे आणि शक्ती मागच्या चाकांना, म्हणून दोन्हींच्या मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे फिरणारा पोलादी दांडा; हा दांडा दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला आधार देणारे रबरात बसवलेले बेअरिंग, आणि सांध्यांच्या ठिकाणी ज्याला गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात ते चौफुलीसारखे जोड. मागचा कणा पाट्यांवर तोललेला, पुढची चाके किंगपिनवर, म्हणजे चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळते तिच्यावर, फिरणारी. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. यातला प्रत्येक भाग झिजला की त्याला ‘प्ले’ येतो, म्हणजे घट्ट बसायला हवे तिथे केसभर मोकळी हालचाल सुरू होते, आणि या हालचालीमुळे चाकाचा किरकोळ दोषही वाढून हाताला जाणवतो.

टायरांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि जुन्या गाड्यांच्या आठवणी सांगताना तीच बहुधा गाळली जाते. त्या काळचे टायर तिरप्या धाग्यांच्या एकमेकांना छेदणाऱ्या थरांचे असत, त्यांना क्रॉसप्लाय म्हणतात, आणि भारतात त्यांत नायलॉनच्या धाग्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होता. नायलॉन चिवट, खड्ड्यांना पुरून उरणारा, म्हणून आपल्या रस्त्यांना तो मानवला. पण प्रवासात तापलेला नायलॉनचा टायर रात्रभर एकाच जागी उभा राहून थंड झाला, तर जमिनीला टेकलेल्या भागात तो किंचित चपटा होऊन बसतो. सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी थडथडते आणि टायर पुन्हा तापला की ती आपोआप गुळगुळीत चालू लागते. ज्यांना हे ठाऊक होते ते कारागीर तक्रार घेऊन आलेल्या मालकाला प्रथम एवढेच विचारीत, की गाडी गरम झाल्यावरही थरथरते का. शिवाय टायर महाग, त्यामुळे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घेणे, म्हणजे रिसोलिंग, ही सर्वमान्य रीत होती, आणि फाटलेल्या टायरच्या आतून ‘गेटर’ म्हणजे जाड रबरी ठिगळ लावून तो आणखी काही महिने चालवला जाई. अशा टायरचे वजन सगळीकडे सारखे असणे शक्यच नव्हते. १९७७ साली जे. के. टायरने रेडियल टायर, म्हणजे ज्याचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात असा टायर, भारतात आणला; तो सर्वसामान्य मोटारीपर्यंत पोचायला त्यानंतर बराच काळ गेला.

या असमान वजनाचा परिणाम ठरावीक वेगालाच का दिसतो, हे साध्या गणिताने समजते. पद्मिनीचे चाक टायरसकट सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचे आहे, म्हणजे एका फेऱ्यात ते पावणेदोन ते दोन मीटर अंतर कापते आणि ताशी ८०ला सेकंदात जवळजवळ १२ फेरे घेते. रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ते चाकाला बाहेरच्या दिशेने ओढते आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ताशी ५०ला ती सुमारे सव्वा किलो भाराएवढी, तर १००ला पावणेपाच किलोएवढी होते, आणि दिशा बदलत ती सेकंदाला पंधराएक वेळा चाकाला हिसके देते. आता टायर, स्प्रिंगा आणि पाटे यांच्यामध्ये तोललेल्या चाकाची स्वतःची अशी एक नैसर्गिक कंप्रता असते, म्हणजे धक्का देऊन सोडले तर ते सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होईल ती संख्या, आणि मोटारींत ती साधारण १० ते १५ असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत झोका दिला की थोड्या जोरानेही तो उंच जातो, तसेच चाकाचे फेरे या संख्येशी जुळले की लहानसा हिसका मोठा होतो. पदार्थविज्ञानात याला अनुस्पंदन म्हणतात. पद्मिनीसारख्या गाडीत ही जुळणी ताशी ७० ते १००च्या पट्ट्यात होते. वेग त्यापलीकडे गेला की ओढ वाढलेली असूनही लय मोडते आणि गाडी शांत झाल्यासारखी वाटते, म्हणून पुष्कळ चालक थरथर सुरू झाली की जोरात दाबून ‘पार करून’ नेत. बेअरिंगे आणि टायर यांची झीज मात्र तेव्हाही चालूच असे.

असंतुलन मोजण्याची विद्या मोटारीहून जुनी आहे. फिरत्या भागांचा तोल साधण्याच्या यंत्राचे पेटंट कॅनडातील हेन्री मार्टिन्सन यांनी १८७० साली घेतले, आणि १९०७च्या सुमारास जर्मनीत फ्रान्झ लावाचेक यांनी टर्बाइनच्या रोटरांसाठी अधिक पक्के यंत्र बनवले, ज्याचे हक्क डार्मस्टाटच्या शेंक कंपनीने मिळवले. मोटारीच्या चाकांपर्यंत ही विद्या दोन रूपांत आली. चाक आडवे ठेवून पाणसळीच्या बुडबुड्यावरून जड बाजू ओळखायची, हे पहिले. यात स्थिर असंतुलन, म्हणजे चाक वरखाली उडवणारा दोष, कळतो. दुसऱ्यात चाक प्रत्यक्ष फिरवून पाहतात, आणि त्यात गतिज असंतुलनही कळते, म्हणजे रिमच्या आतल्या व बाहेरच्या कडांवरची वजने एकमेकांसमोर नसल्यामुळे चाक डावीउजवीकडे डोलवणारा दोष. स्टेअरिंग हातात थरथरते ते मुख्यतः या दुसऱ्या दोषाने, म्हणून नुसत्या बुडबुड्यावर तोललेले चाकही वेगात त्रास देऊ शकते.

यंत्र हाताशी नसलेल्या गॅरेजांत निदान चाले ते विचारांच्या क्रमाने, आणि या क्रमाला या व्यवसायाच्या इतिहासात मानाचे स्थान द्यायला हवे. सायकलच्या दुकानात चाकाचा ‘आऊट’ काढणारा कारागीर चाक उलटे फिरवून, काट्याजवळ बोट किंवा खडू धरून, रिम कुठे घासते ते पाहतो आणि आऱ्या आवळतो. मोटारीच्या कारागिराने हीच तपासणी मोठ्या चाकावर आणली. गाडी जॅकवर उचलायची, चाक हाताने फिरवायचे आणि स्थिर टेकूवर धरलेला खडू फिरत्या रिमच्या कडेला हळूच भिडवायचा: रिम वाकडी असेल तर खडूची रेघ सर्वत्र न उमटता एकाच बाजूला उमटते. मग तोच खडू टायरच्या माथ्याला, कारण रिम सरळ असूनही टायर अंडाकृती असू शकतो, आणि अशा टायरला कितीही शिसे लावले तरी तो गोल होत नाही. त्यानंतर चाकाला वर-खाली दोन हातांनी धरून हलवायचे. खटखट जाणवली तर बेअरिंगला किंवा किंगपिनला प्ले आहे. ब्रेक दुसऱ्याने दाबून धरला असता खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिली तर किंगपिनचा, एवढा बारीक भेद केवळ दोन माणसांच्या हातांनी आणि एकही यंत्र न वापरता केला जाई. डावी-उजवीकडे धरून हलवले की टाय रॉडच्या, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, टोकांची झीज कळे.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर रस्त्यावरची परीक्षा. थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर, आसनात आणि जमिनीत असेल तर मागच्या चाकांवर किंवा शाफ्टवर. ब्रेक लावतानाच ती येत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही, त्याला लेथवर घ्यायला हवे. थरथर कायम असेल तर मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला गिअर न्यूट्रल करायचा: इंजिनाचे फेरे खाली येतात आणि गाडी आपल्या ओघाने धावत राहते, तेव्हा थरथर गेली तर मूळ इंजिनात किंवा त्याच्या रबरी माउंटिंगमध्ये, राहिली तर चाकांत किंवा शाफ्टमध्ये. या दोहोंतला फरक अनुभवी कारागीर लयीवरून ओळखे, आणि त्यामागचे कारण स्वच्छ आहे. डिफरन्शिअलच्या दातांच्या प्रमाणामुळे शाफ्ट चाकाच्या चौपटीहून अधिक वेगाने फिरतो, म्हणजे ताशी ८०ला सेकंदाला सुमारे ५० फेरे. चाकाचा दोष हाताला थडथडीसारखा लागतो तर शाफ्टचा दोष पायाखाली घुमल्यासारखा येतो. अखेरची खूणगाठ पुढची चाके मागे आणि मागची पुढे बसवून मिळे: थरथर जागा बदलून गेली तर दोष चाकात, जागच्या जागी राहिली तर गाडीत.

शाफ्टचा दोष बहुधा दुरुस्तीतूनच जन्माला येई. शाफ्ट तिरका बसलेला असतो, त्यामुळे प्रत्येक क्रॉस दर फेऱ्याला त्याची गती दोनदा किंचित कमी-जास्त करतो, आणि एका क्रॉसने केलेली ही चढउतार दुसऱ्याने भरून काढावी अशा बेताने त्यांचे काटे एकाच रेषेत बसवलेले असतात. शाफ्ट उघडताना ही जागा लक्षात ठेवली नाही आणि खाचांमध्ये तो भलतीकडे बसवला, तर नवे क्रॉस, नवे बेअरिंग घालूनही गाडी पूर्वीपेक्षा जास्त घुमते. म्हणून जाणता कारागीर नटांना पाना लावण्याआधी छन्नीने दोन्ही भागांवर समोरासमोर एकेक खूण करी. या खुणा जुन्या पद्मिनींच्या शाफ्टवर आजही पाहायला मिळतात, आणि ती गाडी जाणत्या हातांखालून गेली असावी असे त्यांवरून म्हणता येते. शाफ्टच तोलात नसेल तर त्यावर पाइप आवळायच्या दोन क्लिपा बसवून त्यांची डोकी थोडीथोडी फिरवत, दर वेळी गाडी चालवून पाहत, कंप सर्वांत कमी होईल ती जागा शोधली जाई. काम वेळखाऊ होते, पण यंत्राविना तोल साधण्याची ती परिणामकारक पद्धत होती.

१९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ग्राहकाच्या अपेक्षा बदलू लागल्या. पुढच्याच चाकांना शक्ती देणाऱ्या या गाडीत लांब शाफ्टच नव्हता, त्यामुळे घुमण्याचे एक कारण मुळातून गेले. खरी कसोटी मात्र मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाने लावली. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला सुमारे ९४ किलोमीटरचा हा सहापदरी काँक्रीटचा रस्ता २०००पासून टप्प्याटप्प्याने खुला होत २००२ साली पूर्ण वापरात आला. दादरहून पुण्याला जाणाऱ्या पद्मिनी टॅक्सी, घरोघरच्या फियाट, अँबॅसडर या सर्वांना पहिल्यांदाच ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाने अर्धा-पाऊण तास सलग धावण्याची संधी मिळाली, आणि नेमका अनुस्पंदनाचा पट्टा हाच त्यांचा प्रवासाचा वेग ठरला. पूर्वी जो वेग ओव्हरटेक करताना क्षणभर गाठला जाई, त्याच वेगात आता खालापूरपर्यंत राहावे लागले. काँक्रीटच्या रस्त्याने निदानात एक नवी गुंतागुंतही आणली, कारण त्यातल्या ठरावीक अंतरावरच्या सांध्यांवरून जाताना निर्दोष गाडीही लयीत थडथडते. म्हणून डांबरी रस्त्यावर त्याच वेगाला काय होते हे पडताळल्याशिवाय गाडीला दोष देता येत नाही.

याच काळात संगणकीय अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगची दुकाने महामार्गांच्या कडेने आणि शहरांतल्या टायरबाजारांत वाढली. या दोन कामांत ग्राहक आजही गल्लत करतो: अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, त्याने गाडी एका बाजूला ओढायची थांबते आणि टायर समान झिजतात, थरथर कमी होते ती बॅलन्सिंगने, म्हणजे रिमच्या कडेला शिशाची लहान वजने ठोकून. यंत्र उत्तम आहे आणि कितीही कसलेल्या हातापेक्षा ते अधिक अचूक मोजते, याबद्दल वाद नाही. पण ते गाडीतून काढलेले चाक मोजते. किंगपिनचा प्ले, वाकलेला हब, अंडाकृती ड्रम, फाटलेले सेंटर बेअरिंगचे रबर यांतले काहीही त्याच्या पडद्यावर उमटत नाही. त्यामुळे चार चाके तोलून, पैसे मोजून बाहेर पडलेली जुनी गाडी पुढच्या टोलनाक्याआधीच पुन्हा थरथरते, आणि मालक ‘गाडीच म्हातारी झाली’ असा निष्कर्ष काढतो. जुन्या गाड्यांवरचा हा सर्वांत मोठा अन्याय आहे. दोष एखाद्या स्वस्त रबरात असताना कितीतरी चालत्या गाड्या केवळ अपुऱ्या निदानामुळे भंगारात गेल्या.

कंपाचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रात होतच नव्हता असे मात्र नाही. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचण्या करते आणि आवाज व कंप हे तिच्या कामाचे मोठे अंग आहे. पण तिथली विद्या नव्या गाड्यांच्या आराखड्यांकडे गेली, तर नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून सुटे भाग आणून जुन्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या कारागिराकडे स्वतःचा अनुभव आणि उस्तादाची शिकवण याखेरीज काही नव्हते. दोघांच्या मध्ये पूल बांधला गेला नाही, आणि ही उणीव भरून काढायला आता फार थोडी वर्षे उरली आहेत.

मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सींसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस ती रस्त्यावरून हटली. खाजगी मालकांनी जपलेल्या फियाट आणि पद्मिनी अजून धावतात आणि त्यांच्यासमोर आता नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही आहे, ज्यावर सपाटीला मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या वेगासाठी त्या गाड्या कधीच आखल्या नव्हत्या. शिवाय महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेले असते आणि टेकलेल्या जागी कायमचा चपटेपणा आलेला असतो. टायरच्या बाजूवर कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, ते आधी वाचावेत. मग गाडी जॅकवर घ्यावी, प्रत्येक चाक हाताने फिरवून आणि हलवून पाहावे, शाफ्ट, क्रॉस व माउंटिंगची रबरे तपासावीत, जे झिजले असेल ते बदलावे, आणि त्यानंतरच चाके बॅलन्सिंगच्या यंत्रावर न्यावीत.